‘कॉसमॉस’, ‘सृष्टिज्ञान’ आणि वऱ्हाडचा निरीक्षक : लोकविज्ञानाच्या नियतकालिकांचा एक तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

लोकांसाठी विज्ञान सांगणाऱ्या नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा भाषांतराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक शोध अमुक साली लागला, तो अमुक मासिकाने मराठीत आणला, त्यासाठी अमुक पारिभाषिक शब्द योजिले, अशी नोंद केली की अभ्यास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. ही नोंद आवश्यक आहे; परंतु ती पुरेशी नाही. नियतकालिक केवळ काय सांगते यावरून त्याचे सामाजिक कार्य कळत नाही. ते आपल्या वाचकाकडून कशाची अपेक्षा करते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

या दृष्टीने पाहिले असता लोकविज्ञानाच्या मासिकाशी निगडित असलेल्या व्यक्तीच्या तीन भूमिका वेगळ्या करता येतात. पहिली वाचकाची : तो छापलेले समजून घेतो. दुसरी वर्गणीदाराची : तो आपल्या पैशाने उपक्रम जगवितो. तिसरी निरीक्षकाची : तो आपल्या परिसरात काय घडते ते पाहतो, टिपतो आणि छापण्यास पाठवितो. जर्मन भाषेतील ‘कॉसमॉस’ या मासिकाने या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठिकाणी आणण्याचा प्रयत्न केला. मराठीत, आणि विशेषतः वऱ्हाडात, या भूमिका निर्माण झाल्या. पण त्या एकमेकींपासून दूर राहिल्या. असे का झाले व त्याची किंमत काय पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. जर्मन परंपरा

‘कॉसमॉस’ हे नाव आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याच्या ग्रंथावरून आलेले आहे. १८४५ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात हुंबोल्टने संपूर्ण भौतिक विश्वाचे एकसंध चित्र रेखाटण्याची आकांक्षा धरली होती. परंतु जर्मनीतील लोकविज्ञानाच्या नियतकालिकांना खरी चालना मिळाली ती १८४८ च्या क्रांतीच्या पराभवानंतर. राजकीय चर्चेवर बंधने आली, तेव्हा उदारमतवादी विचारांच्या कित्येक लेखकांनी आपली शक्ती निसर्गविज्ञानाच्या प्रसाराकडे वळविली. १८५२ मध्ये ओटो उले व कार्ल म्यूलर यांनी हाले येथून ‘डी नाटूर’ हे साप्ताहिक काढले. एमिल अडोल्फ रोसमेस्लर हा प्राणिशास्त्राचा अध्यापक फ्रांकफुर्टच्या राष्ट्रीय सभेचा सभासद होता. क्रांती फसल्यावर त्याची अध्यापकी गेली. त्याने १८५९ साली ‘आउस डेर हाइमाट’ हे पत्र सुरू केले. ‘मायभूमीतून’ असा अर्थ असलेले हे नाव सहज पडलेले नव्हते. दूरदेशीच्या सिंहापेक्षा आपल्या गावच्या डबक्यातील गोगलगाय अधिक शिकविते, ही रोसमेस्लरची भूमिका होती. घरातल्या काचेच्या पेटीत पाण्यातील जीवसृष्टी ठेवण्याचा छंद जर्मनीत रुजविण्याचे श्रेयही मुख्यतः त्याच्याकडे जाते.

डार्विनच्या सिद्धान्ताने या चळवळीला नवा आशय दिला. १८७७ मध्ये एर्न्स्ट हेकेल व एर्न्स्ट क्राउझे यांच्या पुढाकाराने उत्क्रांतिवादाचे मुखपत्र म्हणून ‘कॉसमॉस’ याच नावाचे एक मासिक निघाले व सुमारे दशकभर चालले. आपला विषय असलेले मासिक मात्र त्याहून निराळे. ते १९०४ साली श्टुटगार्ट येथील फ्रांख या प्रकाशनसंस्थेने सुरू केले. त्याच्या उपशीर्षकात ते ‘निसर्गमित्रांचे’ मार्गदर्शक आहे असे सांगितलेले होते, आणि ते दुकानात विकत घ्यावयाचे मासिक म्हणून नव्हे, तर एका मंडळाच्या सभासदांचे पत्र म्हणून निघाले. वर्षाला ४ मार्क ८० फेनिग इतकी वर्गणी भरणाऱ्या सभासदास मासिकाचे अंक आणि त्याबरोबर काही लहान पुस्तके मिळत. विल्हेल्म बोल्शे याचे मानवाच्या उत्पत्तीवरील पुस्तक या मालेच्या अगदी आरंभी निघाले. १९१२ च्या सुमारास सभासदसंख्या एक लक्षाच्या घरात गेली होती.

या यशाचे कारण केवळ स्वस्ताई हे नव्हे. मासिकाच्या पानांवर वाचकांस सूक्ष्मदर्शकाचा उपयोग, वनस्पतींचा संग्रह, पक्ष्यांची ओळख यांबद्दल सूचना असत. आरंभीच्या मंडळींपैकी राऊल फ्रांसे याने १९०७ मध्ये ‘मिक्रोकॉसमॉस’ हे केवळ सूक्ष्मदर्शक बाळगणाऱ्या हौशी लोकांसाठीचे पत्र काढले. १९२२ पासून याच प्रकाशनसंस्थेने शाळकरी मुलांसाठी प्रयोगसाहित्याच्या पेट्या विक्रीस आणल्या. म्हणजे वाचकाच्या हाती आधी मासिक, मग पुस्तक, मग भिंग आणि शेवटी प्रयोगाची पेटी, असा हा क्रम होता. वाचणाऱ्याने पाहणारा व्हावे, ही यामागची धारणा स्पष्ट आहे. हे मासिक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले व १९९९ साली ‘नाटूर’ या दुसऱ्या निसर्गविषयक मासिकाशी एकत्र झाले.

या परंपरेची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. निसर्गाच्या नावाने जे जे सांगितले जाई ते सर्व निरपेक्ष सत्यच होते, असे नाही. उत्क्रांतीच्या लोकप्रिय मांडणीतूनच वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनाही वाट मिळाली. मानवी शरीराचे कारखान्याच्या रूपात चित्रण करणारा फ्रिट्झ कान हा याच प्रकाशनसंस्थेचा एक अत्यंत वाचकप्रिय लेखक. तो ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याची पुस्तके बंदीस पात्र ठरली व त्याला देश सोडावा लागला. लोकविज्ञान लोकांना आपोआप विवेकी बनविते, हा समज या एका उदाहरणानेही डळमळीत होतो.

३. मराठीतील वाटचाल

मराठीत मासिकाच्या रूपाने शास्त्रीय विषय मांडण्याचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दिग्दर्शन’ने १८४० साली केला. जर्मनीत उले व म्यूलर यांचे पत्र निघण्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा आपण केवळ उशिरा जागे झालो, असे म्हणता येत नाही. १८५० मध्ये मुंबईतून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ सुरू झाले. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले व त्याने इतिहास, वाङ्मय यांच्या जोडीने शास्त्रीय विषयांसही जागा दिली. या सर्व मासिकांचा हेतू त्यांच्या नावांतच व्यक्त होतो : ज्ञानाचा प्रसार, ज्ञानाचा विस्तार. ज्ञान कोठेतरी सिद्ध झालेले आहे आणि ते आता इकडे पसरावयाचे आहे, असा त्यांचा भाव आहे.

केवळ विज्ञानास वाहिलेले व दीर्घायुषी ठरलेले मराठी मासिक म्हणजे १९२८ च्या जानेवारीत पुण्याहून निघालेले ‘सृष्टिज्ञान’. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गो. रा. परांजपे हे त्याच्या प्रमुख आधारस्तंभांपैकी एक होते. महाविद्यालयांतून इंग्रजीत शिकविणाऱ्या अध्यापकांनी फावल्या वेळात, बहुधा विनामोबदला, मराठीत लिहावे आणि ते गावोगावच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी वाचावे, अशी ही योजना होती. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पुढे १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, तेव्हा मराठीत विज्ञान लिहिता येते काय, हा प्रश्न मुळातून सोडविण्याची गरज उरली नव्हती. ते काम ‘सृष्टिज्ञान’च्या लेखकांनी आधीच केलेले होते.

विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकाचा उल्लेख केला पाहिजे. ‘सृष्टिज्ञान’ने सृष्टी समजावून सांगितली, ‘उद्यम’ने हाताने काय करावे ते सांगितले. शेती, लहान धंदे, घरगुती कारखाने यांची माहिती त्याने पुरविली. येथे वाचकाकडून कृतीची अपेक्षा होती, पण निरीक्षणाची नव्हती. कृती करणाऱ्याने आपला अनुभव शास्त्राच्या भांडारात जमा करावा, हा विचार दोन्हीकडे दुय्यम राहिला. याचा दोष संपादकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परिभाषा घडविणे हेच इतके मोठे काम होते की बहुतेक शक्ती त्यातच खर्ची पडली. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या आश्रयाने डॉ. रघुवीर यांनी नागपुरात चालविलेले संस्कृतनिष्ठ परिभाषेचे कार्य आणि त्यावर झालेले वाद हे याचेच एक अंग होय. शब्द ठरविण्याच्या भरात, ज्या वस्तूंना लोकांनी आधीच नावे दिलेली आहेत त्या वस्तूंकडे व त्या नावांकडे दुर्लक्ष झाले.

४. वऱ्हाड : नोंद कोणी केली?

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा अमरावती, अकोला व खामगाव या बाजारपेठांना एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. त्याच दशकात अकोल्यास ‘वऱ्हाड समाचार’ हे वृत्तपत्र निघाले. १८७० साली आल्फ्रेड लायल याने सिद्ध केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. जमीन, पाऊस, पिके, रान, श्वापदे, जाती-जमाती यांची व्यवस्थित नोंद या प्रदेशापुरती प्रथम येथे आढळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांच्या संधीवर अमरावती व अकोला जिल्ह्यांची स्वतंत्र गॅझेटियरे निघाली.

या ग्रंथांचा अभ्यासकास नित्य उपयोग होतो. परंतु त्यांची घडण लक्षात घेतली पाहिजे. माहिती पाटील-पटवाऱ्याकडून तहसिलात, तहसिलातून जिल्ह्याच्या कचेरीत आणि तेथून ग्रंथात जाई. प्रत्येक पायरीवर मूळ पाहणाऱ्याचे नाव गळत जाई. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा घ्या. कोणत्या विहिरीचे पाणी किती हात खाली गेल्यावर मचूळ लागते, कोणत्या शेतातील काळी माती पावसाने फुगून पाणी धरून ठेवते, हे तेथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणले, कारण त्यावर त्याचे पीक व पिण्याचे पाणी दोन्ही अवलंबून होते. हे ज्ञान सारावसुलीच्या कागदात जमिनीची प्रत म्हणून उतरले. निरीक्षण म्हणून, निरीक्षकाच्या नावासह, ते उतरले नाही.

निसर्गविज्ञानाच्या नियतकालिकांपुरतेही हेच खरे आहे. हिंदुस्थानात निरीक्षकांचे जाळे विणणारी पत्रे मुळीच नव्हती असे नाही. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या मुलकी अधिकाऱ्याने १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे पत्र चालविले. जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकारी, वैद्य, सैनिक, वनाधिकारी यांनी पाठविलेल्या टिपणांवर ते पोसले गेले. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाची घडणही अशीच होती. या सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात चिखलदऱ्याच्या परिसरातूनही नमुने गोळा झाले. म्हणजे ‘कॉसमॉस’चा वाचक जर्मनीत जे करीत होता, ते येथेही चालले होते, मात्र ते इंग्रजीत, आणि मुख्यतः अधिकारीवर्गात चालले होते. मराठी वाचकापुढे निरीक्षणाचे आदर्श उदाहरण होते, पण त्याच्या भाषेत त्याला बोलावणारे कोणी नव्हते.

५. अमरावतीचा ज्ञानकोशकार

वर्गणीदाराच्या भूमिकेचा विचार करताना वऱ्हाडशी निकट संबंध असलेले एक नाव समोर येते. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचा जन्म रायपूरचा असला तरी त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन करून परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प सोडला. राजाश्रय किंवा एखाद्या धनिकाचा आश्रय न शोधता त्यांनी त्यासाठी नागपुरात १९१६ साली मर्यादित जबाबदारीची कंपनी उभारली, गावोगाव हिंडून भाग विकले व वर्गणीदार मिळविले. मराठी मध्यमवर्ग ज्ञानासाठी हप्त्याहप्त्याने पैसा देईल, हा त्यांचा विश्वास होता, आणि अनेक अडचणींनंतरही तेवीस खंड पूर्ण झाले, यावरून तो अगदीच अस्थानी नव्हता असे दिसते. प्रस्तावनाखंडांपैकी पाचवा खंड त्यांनी ‘विज्ञानेतिहास’ या विषयास दिला, हेही येथे ध्यानात घ्यावे.

श्टुटगार्टचे प्रकाशक आणि केतकर यांच्यात कोणताही प्रत्यक्ष संबंध दाखविण्याचा येथे उद्देश नाही. जर्मन विद्येशी केतकरांचा घरातला संबंध होता हे खरे. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या एडिथ कोन, यांनी विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले आणि त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु तुलनेचा मुद्दा निराळा आहे. सामान्य माणसाच्या लहान वर्गणीवर मोठा ज्ञानोपक्रम उभा राहू शकतो, ही गोष्ट दोन्हीकडे सिद्ध झाली. फरक असा की, ‘कॉसमॉस’चा सभासद वर्षानुवर्षे मंडळाशी बांधलेला राही व त्यातून हौशी निरीक्षकांचा एक वर्ग निर्माण झाला. ज्ञानकोशाचा वर्गणीदार शेवटचा खंड घरी आला की मोकळा झाला. कोश पूर्ण होतो. नियतकालिक पूर्ण होत नाही. केतकरांनी गावोगाव जोडलेली ती मंडळी पुढे एखाद्या मासिकाभोवती एकत्र राहिली असती, तर वऱ्हाडातील कितीतरी शाळामास्तर व वकील आपल्या परिसराची नोंद ठेवू लागले असते, असे अनुमान करण्यास जागा आहे.

६. रानपिंगळ्याचा दाखला

निरीक्षक नसल्याची किंमत काय, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर एका लहानशा पक्ष्याच्या इतिहासात सापडते. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूमने १८७३ साली आपल्या पत्राच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध केले. त्यानंतर मोजके नमुने मिळाले. त्यांपैकी अखेरचे १८८४ मध्ये खानदेशात गोळा झालेले. पुढे १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना संग्रहालयात होता, व अनेक वर्षे शोध घेणाऱ्यांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी छाननी केली, तेव्हा तो रिचर्ड माइनर्टझहागेन याने चोरलेला जुनाच नमुना असून चिठ्ठी खोटी असल्याचे सिद्ध झाले. खोटी नोंद बाजूला सारून जुन्या अस्सल नोंदींच्या आधारे शोध केल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात हा पक्षी जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत तो अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही आढळला, आणि आज मेळघाट हे त्याच्या प्रमुख आश्रयस्थानांपैकी एक मानले जाते.

या घटनेचा इतिहासकाराने कोणता अर्थ घ्यावा? मेळघाट हा काही निर्मनुष्य प्रदेश नव्हे. तेथे कोरकू लोकांची वस्ती फार जुनी आहे. इंग्रजी अमदानीत तेथे वनखाते स्थापन झाले. १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. रानपिंगळा दिवसा वावरणारा पक्षी आहे, रात्रीच्या अंधारात दडणारा नव्हे. तो शास्त्राला दिसला नाही, कारण शास्त्र आणि त्या रानात राहणारा माणूस यांच्यामध्ये त्या माणसाच्या भाषेतील एकही पान नव्हते. दूरच्या संग्रहालयातील खोट्या चिठ्ठीला जे प्रामाण्य मिळाले, ते रानातल्या डोळ्यांना मिळाले नाही. मिळण्याची सोयच नव्हती.

ही उणीव मराठीत काही अंशी भरून काढण्याचे काम वनसेवेत आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. विदर्भातील अरण्यांत वावरत असताना आदिवासींकडून त्यांनी पशुपक्ष्यांची व वृक्षांची नावे, सवयी, संकेत समजून घेतले आणि ते ग्रंथरूपाने मराठीत आणले. पण एका व्यक्तीची निष्ठा ही संस्थेची जागा घेऊ शकत नाही.

७. आक्षेपांचा विचार

या तुलनेवर काही आक्षेप संभवतात. पहिला साक्षरतेचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत साक्षरता जवळजवळ सार्वत्रिक होती. वऱ्हाडात ती लोकसंख्येच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी होती. अशा स्थितीत लक्षावधी सभासदांच्या मंडळाची अपेक्षा करणे अनैतिहासिक होय. हा आक्षेप संख्येपुरता मान्य केला पाहिजे. परंतु ‘स्ट्रे फेदर्स’च्या उदाहरणावरून दिसते की निरीक्षकांच्या जाळ्यास लक्षावधी माणसे लागत नाहीत, काही थोडी चिकाटीची माणसे आणि त्यांचे टिपण आदराने छापणारा संपादक एवढे पुरते.

दुसरा आक्षेप असा की हौशी निरीक्षणाचे शास्त्रीय मोल अल्प असते. एकेकट्या नोंदीबाबत हे खरे असेल. पण पहिला पाऊस कधी पडला, पळस कधी फुलला, कोणत्या वर्षी कपाशीवर कोणती अळी आली, यांची एकाच गावात पन्नास वर्षे ठेवलेली वही आज हवामानाच्या व शेतीच्या अभ्यासकास अमोल ठरली असती. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जर्मन निसर्गमित्रांची चळवळ वंशवादापासून त्यांच्या देशाला वाचवू शकली नाही. याचे उत्तर असे की निरीक्षण ही विवेकाची हमी नव्हे, ती त्याची एक अट आहे. ‘कॉसमॉस’चा वाचक जेथे स्वतः पाहत होता तेथे तो शिकला, जेथे त्याने मोठ्या लेखकांच्या सामान्य विधानांवर विसंबून मानवसमूहांबद्दल मते बनविली, तेथे तो फसला.

८. समारोप

स्वातंत्र्योत्तर काळात वऱ्हाडात शास्त्रीय शिक्षणाचा विस्तार झाला. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी शिक्षणाच्या आणि शेतीच्या क्षेत्रांत जे कार्य केले, त्याच्या पुढील टप्प्यावर त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यास व इतर विद्याशाखांचे विद्यापीठ १९८३ मध्ये अमरावतीस स्थापन झाले. त्यामुळे संशोधक वाढले; मात्र गावातील पाहणारा आणि विद्यापीठातील लिहिणारा यांच्यातील अंतर केवळ संस्था वाढल्याने कमी होत नाही.

अभ्यासकांपुढे येथे एक निश्चित काम आहे. ‘वऱ्हाड समाचार’ व त्यानंतरची स्थानिक वृत्तपत्रे, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके, ‘सृष्टिज्ञान’ व ‘उद्यम’ यांच्या जुन्या अंकांतील वाचकांची पत्रे, वनखात्याच्या कार्ययोजना, शेतकऱ्यांच्या घरांतील जमाखर्चाच्या वह्या, ही सर्व साधने ‘कोणी काय पाहिले’ या एका प्रश्नाने पुन्हा वाचली पाहिजेत. गॅझेटियरात ज्यांची नावे गळाली, त्यांपैकी काही तरी या कागदांत सापडतील. जेथे कागद नाही तेथे, कोरकू बोलीतील झाडापाखरांच्या नावांपासून आरंभ करता येईल. प्रत्येक नाव हे कोणीतरी एकदा नीट पाहिल्याची नोंद असते.

लोकविज्ञानाचा इतिहास म्हणजे लोकांना काय शिकविले याचा इतिहास, अशी व्याख्या आपण आजवर मानीत आलो. लोकांनी काय पाहिले आणि त्यांपैकी किती आपण छापले, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. तो भाग लिहावयाचा राहिला आहे, आणि वऱ्हाडापुरता तो वऱ्हाडातच लिहिला जावा, हे उचित होय.